पहिली प्रतिक्रिया

“मी तीन वेळा लिवलं. तुमी एकदापण टाकलं नाय. बाकीच्यांचं सगळं टाकलंत.”

रिसेप्शनमधल्या खुर्चीत बसलेली बाई हे अगदी शांतपणे म्हणाली. तिशीच्या आतली असेल. हातात सायबर कॅफेतून काढलेल्या चार-पाच प्रिंट होत्या, आमच्याच वेबसाइटच्या. उरण रस्त्यावरच्या एका गावातून सहा आसनी रिक्षाने ती पनवेल स्टेशनला आली होती. तिथून विचारत विचारत नवीन पनवेलमधल्या आमच्या ऑफिसात पोचली होती. भेटायचं कुणाला, हे तिला सांगता येत नव्हतं. ‘खालचं लिवलेलं जो पास करतो त्याला’ एवढंच ती म्हणत होती. म्हणून रिसेप्शनने मला बोलावलं.

तिने स्वतःचं नाव वनिता सांगितलं. मग नवऱ्याचं नाव सांगितलं. ते नाव मी गेला आठवडाभर रोज वाचत होते. या लेखात मी सगळ्यांची नावं बदलली आहेत. तिच्या नवऱ्याला जगदीश म्हणते.

मी तेव्हा एका मराठी बातम्यांच्या वेबसाइटवर मॉडरेटर होते. त्याआधी बरीच वर्षं छापील दैनिकात मुद्रितशोधनाचं काम केलं होतं, म्हणजे छापण्यापूर्वी मजकुरातल्या चुका काढायचं. दैनिकाने तो विभाग बंद केला आणि माझ्यासारख्यांना ‘वेब’ला पाठवलं. सायबर कॅफे अजून चालू होते आणि फोनवर बातम्या वाचणारे थोडे होते, त्या वर्षांतली ही गोष्ट.

मॉडरेटरचं काम सोपं आहे. बातमीखाली वाचक जे लिहितात ते लगेच दिसत नाही. आधी आमच्या स्क्रीनवर येतं. तिथे दोन बटणं असतात, अप्रूव्ह आणि रिजेक्ट. आमच्याकडे एका पानाचे नियम होते. शिवी असेल, जातीधर्मावरून काही असेल, जाहिरात असेल, फोन नंबर असेल, किंवा सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असेल, तर रिजेक्ट. बाकी अप्रूव्ह. एका प्रतिक्रियेला फार तर दहा सेकंद. मंत्र्यांवर, पोलिसांवर, कुठल्याही दलावर टीका चालायची. लोकांना बोलता आलं पाहिजे, असं आमचे वेब एडिटर भूषण सर म्हणायचे, आणि ते मला पटायचं. आजही पटतं.

बातमी अशी होती. राज्याच्या एका राखीव दलाची तुकडी पूर्वेकडच्या एका जंगली जिल्ह्यात नेमणुकीला होती. पाच जण गस्तीवर गेले. त्यांच्यावर हल्ला झाला. चौघांचा मृत्यू झाला. शेवटच्या ओळीत होतं, ‘पनवेल तालुक्यातील जवान जगदीश हे सुखरूप परतले आहेत.’ ते कसे परतले, हे बातमीत नव्हतं. चौकशी सुरू होती आणि दलाने माहिती देणं थांबवलं होतं.

त्या बातमीखाली प्रतिक्रियांची रांग लागली. ‘चौघं गेले आणि हा घरी?’ ‘बंदूक टाकून पळाला असेल.’ ‘अशा पळपुट्यांमुळे दलाचं नाव खराब होतं.’ ‘हे दल गणपतीच्या बंदोबस्तापुरतंच बरं.’ दलाची बाजू घेणारेही होते, पण ते एकदा लिहून गप्प बसायचे. मी जवळपास सगळ्या अप्रूव्ह केल्या. ‘पळपुटा’ ही शिवी नाही. आमच्या यादीत तो शब्द नव्हता.

तिसऱ्या दिवशी भूषण सरांनी त्या प्रतिक्रियांचीच बातमी करून घेतली. मथळा होता, ‘एकटा परतलेला जवान : वाचकांचे सवाल’. ती पहिल्या बातमीपेक्षा जास्त वाचली गेली.

वनिताला मी माझ्या टेबलापाशी नेलं आणि रिजेक्ट झालेल्या प्रतिक्रियांची यादी उघडली. तिच्या तिन्ही प्रतिक्रिया तिथे होत्या. तिला मराठी टाइप करता येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. मजकूर एकच होता. ‘माझा नवरा पळाला नाय. त्यांनी साबळेंना पाठीवर घेऊन आणला. साबळे सडकेला आल्यावर गेले. खोटा वाटत असल तर मला फोन करा.’ आणि खाली तिचा मोबाइल नंबर. साबळे म्हणजे बातमीतल्या त्या चौघांपैकी एक.

इंग्रजी अक्षरं आणि फोन नंबर, दोन कारणं. प्रत्येक रिजेक्टपुढे माझं युजरनेम होतं. तीनदा. मला त्यातली एकही आठवत नव्हती.

मी तिला नियम सांगितला. तो ऐकताना तिने मान हलवली, जणू बँकेत फॉर्म चुकला आहे आणि तो दुसरा भरून देता येईल.

मग तिने घरचं सांगितलं. जगदीश उजव्या हाताला प्लास्टर घालून रजेवर घरी आला होता. गावाने त्याच्या सत्काराचं ठरवलं होतं, नाक्यावर फ्लेक्सही लागला होता. मग कुणीतरी वेबसाइटवरच्या प्रतिक्रिया छापून आणल्या आणि त्या हातोहात फिरल्या. दोन दिवसांनी फ्लेक्स दिसेनासा झाला. कुणी काढला, कुणी सांगेना. सत्काराचा विषय कुणी काढेना. सासरे मिठागरावर काम केलेले, कुणाशी न भांडणारे गृहस्थ. ते पारावर जायचे बंद झाले.

“त्याचं मी काय धरत नाय,” वनिता म्हणाली. “पण साबळेंच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने त्यांना वाचून दाखवलं हे सगळं. ते यांना म्हनले, माझ्या पोराला सोडून आलास का रे? यांना उत्तर देता आलं नाय. चौकशी होईपर्यंत कुनाशी बोलायचं नाय, तसा हुकूम हाय. यांनी फोन ठेवून दिला. तवापासून जेवत नाय नीट.”

मी विचारलं, तिची काय अपेक्षा आहे. आधीचं काढायचं, की तिचं टाकायचं?

तिने थोडा विचार केला. म्हणाली, “हे लोक कोन हायत तेवढं सांगा. आमच्या गावातले हायत का? तेवढं कळलं तरी बास.”

ते सांगता येत नाही, असं मी म्हटलं. तेही नियमातच होतं. ती उठली, प्रिंट माझ्या टेबलावर ठेवल्या आणि गेली. निघताना मला तिचा राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

आमच्या ऑफिसात तांत्रिक बाजू इरफान बघायचा. पनवेलचाच, कोकणी मुसलमान घरातला, त्याच्या वडिलांची आणि काकांची अर्धी हयात आखातात गेलेली. बोलायला कमी आणि कामाला पक्का. मी त्याला त्या बातमीचा लॉग मागितला. प्रत्येक प्रतिक्रिया कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आली याची नोंद सर्व्हरवर राहते, तिला आयपी म्हणतात. माणसाचं नाव त्यात नसतं. इरफानने मला समजावलं होतं तसं, तो माणसाचा नव्हे तर दाराचा पत्ता.

मला एवढंच बघायचं होतं, की ही सगळी दारं वेगवेगळी आहेत का.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं बसलो. प्रतिक्रिया शेकड्यांनी होत्या, पण दारं फारच थोडी निघाली. सगळ्यात कडक भाषा तीन-चार ठिकाणांहून येत होती. एकच माणूस सहा नावांनी लिहीत होता आणि स्वतःच स्वतःला ‘अगदी बरोबर बोललात’ म्हणत होता. वनिताच्या गावाच्या आसपासचं एकही दार नव्हतं. तिला हे सांगता आलं असतं तर, असं मी म्हणाले.

इरफानचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो यादीच्या सगळ्यात वरच्या ओळीवर थांबला होता.

“ताई, हा आपला आयपी आहे,” तो म्हणाला.

“आपला म्हणजे?”

“ऑफिसचा. पहिली कमेंट इथूनच गेलीय. बातमी टाकल्यावर चार मिनिटांत.”

त्याने ती उघडली. ‘एक जवान सुखरूप परतला, याचा आनंद आहे. परंतु चौघे गेले असताना तो एकटाच कसा वाचला, हे जनतेला कळायला हवे.’ खाली नाव होतं, ‘एक जागरूक नागरिक, अलिबाग’.

स्वल्पविराम जागच्या जागी होते. ‘परंतु’, ‘हवे’. ती कुणाची, हे इरफानला विचारायची गरज नव्हती. ती मी लिहिली होती.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्ही बाहेर कधी सांगत नव्हतो. बातमीखाली एकही प्रतिक्रिया नसेल तर वाचक लिहायला कचरतो. एक असली की दुसरी येते. म्हणून मोठ्या बातमीखाली पहिली प्रतिक्रिया डेस्कनेच टाकायची, अशी पद्धत होती. तिला सीडिंग म्हणायचे, म्हणजे बी पेरणं. पेट्रोल असो, क्रिकेट असो, परीक्षेचे निकाल असोत, आमच्यापैकी कुणीतरी खोट्या नावाने एक वाक्य टाकायचं. शक्यतो प्रश्न टाकायचा, म्हणजे लोक उत्तरं देतात. माझे प्रश्न चांगले असतात, असं भूषण सर म्हणायचे. पनवेल लिहिलं तर संशय येईल म्हणून मी अलिबाग लिहायचे.

त्या दिवशी मी अशा किती बातम्यांखाली लिहिलं, कोण जाणे. ही लिहिल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. आणि पुढचे सगळे माझ्याच प्रश्नाची उत्तरं देत गेले होते. ‘एकटाच कसा वाचला’ हे शब्द तसेच्या तसे पुढच्या कितीतरी प्रतिक्रियांत होते. ‘वाचकांचे सवाल’ या बातमीत पहिला सवाल म्हणून माझंच वाक्य छापलं होतं, अलिबागच्या जागरूक नागरिकाच्या नावाने.

इरफानने स्क्रीन बंद केला. मला म्हणाला, “मी कुणाला बोलणार नाही.” मी म्हटलं, मला बोलायचं आहे.

भूषण सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते. वाईट माणूस नव्हता. मुंबईच्या मुख्य ऑफिसातून रोज त्यांना पानं किती उघडली याचा आकडा विचारला जायचा आणि तो आकडा ते आम्हाला विचारायचे. मी सगळं सांगितलं. वनिताची प्रतिक्रिया दाखवली. तिचं म्हणणं टाकू या, आधीचं काढू या, आणि ती ‘सवाल’वाली बातमी मागे घेऊन दोन ओळींचा खुलासा देऊ या, असं म्हटलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, तिची कमेंट टाकली तर तिचा नवरा अडचणीत येईल. बायकोच्या नावाने माहिती बाहेर दिली म्हणतील. चौकशी चालू आहे.”

हे मला सुचलं नव्हतं, आणि ते बरोबर होतं.

“मग खुलासा?”

“कशाचा खुलासा? आपणच आपल्या बातमीखाली लिहितो याचा?” ते काही वेळ पेन फिरवत बसले. “तुम्ही फक्त प्रश्न विचारला होता. आरोप नव्हता केला.”

“मी उत्तर देणाऱ्याचं तोंड बांधलेलं असताना प्रश्न विचारला,” मी म्हटलं.

त्यांनी मुंबईला फोन लावतो म्हणून सांगितलं. संध्याकाळच्या आत निरोप आला. खुलासा नाही. दोन्ही बातम्या प्रतिक्रियांसकट काढून टाका. मी तेव्हा समाधान मानायला हवं होतं. पण पान काढलं की आपण काय केलं होतं, हेही त्याबरोबर जातं. छापील दैनिकात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी ‘चुकीची दुरुस्ती’ म्हणून चौकट यायची. कोपऱ्यात का होईना, यायची. इथे काहीच उरलं नाही. आणि ज्यांनी प्रिंट काढल्या होत्या त्यांच्याकडच्या प्रिंट तशाच राहिल्या.

रविवारी मी वनिताच्या गावी गेले. तिचा नंबर माझ्याकडे होता, मीच तीनदा रिजेक्ट केलेला. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेमागे रिक्षा अर्धा तास अडकली. परत फिरावं असं त्या अर्ध्या तासात दोनदा वाटलं.

घर नवीन बांधलेलं, वरचा मजला अजून प्लास्टर न झालेला. जगदीश ओटीवर बसला होता. उंच, सावळा, दाढी वाढलेली. हात गळ्यात अडकवलेला. वनिताने ओळख करून दिली तसा तो उठून उभा राहिला. माझ्यासारख्या बाईसाठी त्याने उभं राहावं, हे मला सहन झालं नाही. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. पहिला प्रश्न मी लिहिला होता. मला काहीही माहिती नव्हती. कामाचा भाग म्हणून लिहिला, आणि विसरून गेले.

सासऱ्यांनी मान खाली घातली. वनिता माझ्याकडे बघत राहिली.

जगदीश पुन्हा खाली बसला. मग त्याने विचारलं, “म्हंजे तुमचा माझ्यावर राग नव्हता?”

“नाही. मी तुम्हाला ओळखतही नव्हते.”

“मग का लिवलंत?”

‘पान रिकामं दिसू नये म्हणून’ हे खरं उत्तर होतं. मी ते दिलं. दुसरं कुठलंही उत्तर देणं त्याहून वाईट झालं असतं.

तो गोळीबाराबद्दल एक शब्द बोलला नाही. हुकूम होता आणि तो पाळत होता. फक्त साबळेबद्दल एकदा म्हणाला, “तो पानी मागत होता. पानी नव्हतं. मी त्याला बोललो, सडक आली, सडक आली.” पुढे त्याने तोंड फिरवलं. वनिताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी चहा न घेता उठायला लागले, तर सासऱ्यांनीच बसायला सांगितलं. तो चहा मी प्यायले. तसा कठीण चहा पुन्हा कधी प्यायले नाही.

निघताना मी वनिताकडे साबळेंच्या वडिलांचा नंबर मागितला. तिने जगदीशकडे पाहिलं. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिने नंबर लिहून दिला.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी फोन केला. साबळेंचे वडील सातारा भागातले, आवाज म्हातारा पण खणखणीत. मी कोण, काय काम करते, आणि तो प्रश्न कुणी लिहिला, हे सांगितलं. त्यांना प्रतिक्रिया, मॉडरेटर वगैरे कळणार नाही असं मला वाटलं होतं. त्यांना बरोबर कळलं.

“म्हणजे गावभर बोंब झाली ती तुमच्यापासून,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक नाही.”

“मला सांगायचा अधिकार नाही. जगदीशना चौकशी होईपर्यंत बोलायची बंदी आहे, एवढं मात्र ठाऊक आहे. फोन त्यांनी त्यासाठी ठेवला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही म्हणून नाही ठेवला.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ते बसले असावेत.

“तुम्ही त्याला बघितलंत?”

“काल बघितलं.”

“हात कसाय त्याचा?”

मी सांगितलं, प्लास्टर आहे, सहा आठवडे लागतील म्हणतात. त्यांनी गावाचं नाव आणि पनवेलहून कसं जायचं ते विचारलं. मी दोन्ही सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले नाहीत आणि ते मला रागेही भरले नाहीत. फोन ठेवला.

तीन दिवसांनी वनिताचा फोन आला. साबळेंचे वडील एसटीने आले होते, एकटेच, पिशवीत गूळ आणि घेवडा घेऊन. ओटीवर जगदीशशेजारी बसले. काही विचारलं नाही. दुपारी जेवायला बसल्यावर जगदीशला डाव्या हाताने भात कालवता येईना, तेव्हा त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं आणि कालवून दिला. जगदीश पूर्ण जेवला. त्यांच्यात पुढे काय बोलणं झालं ते वनिताने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.

चौकशीचा निष्कर्ष कित्येक महिन्यांनी आला. वृत्तसंस्थेची चार ओळींची बातमी होती. जवान जगदीश यांनी जखमी सहकाऱ्याला हल्ल्याच्या जागेपासून सडकेपर्यंत वाहून आणलं, असं अहवालात म्हटलं होतं. दलाने प्रशस्तिपत्र दिलं. ती बातमी मीच वेबसाइटवर चढवली. फार थोड्यांनी उघडली. गावाने पुन्हा सत्काराचं काढलं तेव्हा जगदीशने नको म्हणून सांगितलं आणि तो ड्युटीवर रुजू झाला.

मी नोकरी सोडली नाही. सोडायला हवी होती असं कधीकधी वाटतं, पण नाही सोडली. खोट्या नावाने लिहायचं मात्र मी बंद केलं. भूषण सरांनी ते काम दुसऱ्याला दिलं आणि पद्धत चालूच राहिली.

वर्षअखेरीस नियमांचं पान सुधारायचं ठरलं आणि माझ्याकडून सूचना मागवल्या. मी एकच लिहिली. ज्या बातमीत जिवंत माणसाचं नाव आहे आणि चौकशीमुळे त्या माणसाला बोलायला मनाई आहे, त्या बातमीखाली प्रतिक्रिया बंद ठेवाव्यात. कारणाच्या रकान्यात आधी जगदीशची हकिकत, माझ्या पहिल्या प्रतिक्रियेसकट, लिहिली होती; ती वाचून भूषण सर म्हणाले, मुंबईला हे चालणार नाही. मी ते खोडलं आणि ‘बदनामीच्या खटल्याची जोखीम’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मंजूर होऊन आलं.

तो नियम अजून आहे. नवीन येणाऱ्यांना मी तो शिकवते, आणि कुणी कारण विचारलं तर रकान्यातलं कारण सांगते. बहुतेक जण लिहून घेतात आणि पुढच्या नियमाकडे वळतात.